पदवीच्या कागदावर सावित्रीबाईंचं नाव



मागं आमच्या गटाच्या बैठकीत एक कर्जाची मागणी आली. शेळीसाठी नव्हती, शिलाई मशीनसाठी नव्हती. लेकीच्या लॅपटॉपसाठी होती. मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला. इंदापूर तालुक्यातून रोज एसटीनं बारामतीला जाते. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावा लागतो. कॉलेजच्या लॅबमध्ये बसावं तर संध्याकाळची गाडी चुकते, गाडी धरावी तर काम अर्धं राहतं. तिची आई हे सांगत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "उन्हाळ्यात लग्नच करायचंय ना तिचं? मग आता एवढा खर्च कशाला?"

बैठक गप्प झाली. कर्ज मंजूर केलं, पण तो प्रश्न काही आमच्या मनातून जाईना. बोलणारी बाई वाईट नव्हती. आपल्या सगळ्यांच्या घरात जे बोललं जातं तेच ती बोलली. म्हणून आम्ही ठरवलं, ही पोर ज्या वाटेनं इथवर आली ती वाट आपल्यासाठी कुणी, कधी आणि कशी पाडली, ते एकदा नीट मांडायचं.

सुरुवात कॉम्प्युटरपासूनच करू. हे यंत्र पुरुषांचं, त्यात बायकांचं डोकं चालत नाही, असं अजूनही काही जण म्हणतात. पण कॉम्प्युटर हा शब्द आधी यंत्राचा नव्हताच. आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हे काम मोठ्या प्रमाणावर बायका करत होत्या. तिथं एनिॲक नावाचं खोलीभर मोठं यंत्र बांधलं गेलं. त्याच्याकडून काम करून घ्यायची जबाबदारी सहा तरुणींवर आली. शिकवणारं पुस्तक नव्हतं. यंत्राच्या जोडणीचे नकाशे समोर ठेवून त्यांनी ते समजून घेतलं. त्यांतली एक जीन बार्टिक. ती मिसुरी राज्यातल्या शेतकरी घरातली. गावाकडच्याच कॉलेजात गणित घेऊन ती १९४५ साली पदवीधर झाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते यंत्र जगापुढं आलं तेव्हा कौतुक झालं यंत्राचं आणि ते बांधणाऱ्या पुरुषांचं. या सहा जणींचं नाव लोकांना कळायला पुढं कितीतरी वर्षं लागली.

म्हणजे डोक्याची अडचण कधीच नव्हती. अडचण होती परवानगीची, पैशाची आणि अंतराची. आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो.

नीरा नदीच्या पलीकडे, खंडाळा तालुक्यातल्या नायगावला १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. अंगावर चिखल-शेण झेललं, हे आपण शाळेत ऐकलेलं आहे. पण ती पहिली पायरी होती. शाळेनंतर कॉलेज, कॉलेजनंतर पदवी, या पुढच्या पायऱ्या चढायला आणखी कितीतरी वर्षं गेली. १८८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी शिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या पदवीधर स्त्री. परीक्षेत त्या सगळ्यांच्या पुढं होत्या. तरी विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली, कारण एकच, त्या बाई होत्या. पुढं १९१६ साली महर्षी कर्व्यांनी बायकांसाठी वेगळं विद्यापीठच काढलं.

पण हे सगळं पुण्याचं. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. मुलगी पुण्यात ठेवायची म्हणजे नातेवाईक हवेत, नाहीतर पैसा हवा. आपल्या भागात पैसा आला तो पाण्याच्या मागं. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींत आहे. त्यानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला, तो बारामतीवरून इंदापूर तालुक्यात गेला. कालव्यावर ऊस झाला. वालचंदनगरला वालचंद हिराचंदांचा कारखाना उभा राहिला, पुढं माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथं सहकारी कारखाने आले. पण हे पाणी सगळीकडं पोचलं नाही. कालव्याखालचं बागायती गाव आणि वरचं जिरायती गाव यांत जो फरक शेतात दिसतो, तोच मुलींच्या शिक्षणातही दिसला. उसाचं बिल येणाऱ्या घरातली मुलगी कॉलेजला गेली. ज्या घरातली माणसं तोच ऊस तोडायला येतात, त्यांची मुलगी फडात भावंडं सांभाळत बसली. हे आपण विसरता कामा नये.

अंतर कमी झालं ते १९६२ साली. त्या वर्षी बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं. १९७२ साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झालं. शारदानगरला मुलींचं महाविद्यालय झालं, त्याला शारदाबाई पवारांचं नाव आहे. स्वातंत्र्याच्या आधी, बाईनं सभेत बसणं नवल वाटायचं त्या काळात, शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या. इंदापुरातही कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांचं कॉलेज झालं. पुढं बारामतीला भिगवण रस्त्यावर विद्यानगरी वसली, इंदापूरजवळ वनगळीला इंजिनिअरिंग कॉलेज आलं. आज कॉम्प्युटरची पदवी घ्यायला आपल्या मुलीला पुण्याला जावंच लागतं असं नाही. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी घरी येते. एका पिढीआधी हे शक्य नव्हतं.

तिकडं कॉम्प्युटरही जवळ येत होता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०च्या सुमारास देशी बनावटीचा मोठा कॉम्प्युटर तयार झाला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ साली तिनं परम हा महासंगणक उभा केला. त्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले.

या काळातली एक गोष्ट मात्र आपण लेकींना मुद्दाम सांगावी अशी आहे. सुधा मूर्ती हे नाव बहुतेकींनी ऐकलेलं असेल. त्यांनी हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी. साडी नेसून यायचं, कँटीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, अशा अटी. मुलींसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. पुढं बेंगळुरूला त्या कॉम्प्युटर सायन्स शिकल्या. १९७४ साली शिक्षण संपत आलं होतं, तेव्हा टेल्कोची नोकरीची जाहिरात त्यांनी पाहिली. बायकांनी अर्ज करू नये, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं आणि टेल्कोनं घेतलेल्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर ठरल्या. नंतर पुण्यातच वालचंद उद्योगसमूहात त्यांनी कॉम्प्युटरचं काम केलं. वालचंदनगर ज्यांनी वसवलं, त्याच वालचंदांच्या घराण्याचा तो समूह. आणि १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, ती सुधाताईंनी पगारातून बाजूला ठेवलेल्या दहा हजार रुपयांवर. बचतीचं मोल बचत गटाच्या बाईला वेगळं सांगायला नको.

२००१ साली महाराष्ट्रात एमकेसीएल निघालं आणि गावोगाव एमएससीआयटीचे वर्ग आले. आपल्यातल्या कित्येकींनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो तिथं. त्यामुळं बऱ्याच घरांत विचारतात, एमएससीआयटी केलंय की, मग तीन वर्षं आणखी काय शिकते? शिलाईचं उदाहरण घ्या. मशीन चालवता येणं वेगळं आणि कापड बेतता येणं वेगळं. एमएससीआयटीत मशीन चालवायला शिकतात. पदवीला बेतायला शिकतात. दूध डेअरीवर फॅट लागल्यावर पावती आपोआप निघते, पतसंस्थेत व्याज आपोआप लागतं, त्यामागचा हिशेब कुणीतरी आधी बेतलेला असतो. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केलाय. उसाला पाणी कधी, खत किती, हे मोबाईलवर सांगायचा तो प्रयत्न आहे. आपल्याच बांधावर हे काम आलं आहे. ते करायला आपल्याच मुली का नसाव्यात?

आता शेवटच्या वर्षाकडं येऊ. वाट जिथं संपत आली, तिथंच मुली गळतात. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत गावच्या मुलीला एसटी फुकट असते. कॉलेजला पासाचे पैसे भरावे लागतात, सवलत असली तरी. सरकारनं २०२४-२५ पासून वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आपल्या मुलीचा अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका. पण लॅपटॉप, प्रवास, बाहेर राहायचा खर्च त्यात येत नाही. तो घरालाच करावा लागतो.

मुलीची तयारी काय असते, तेही समजून घेऊ. मागचे राहिलेले विषय आधी सोडवावे लागतात. नाहीतर शेवटची परीक्षा पास होऊनही पदवी अडते. नव्या धोरणात क्रेडिट मोजतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ लागतात. क्रेडिट म्हणजे मार्क नव्हेत, पुरा केलेल्या अभ्यासाचं ते माप. मग प्रोजेक्ट. तो दुकानातून विकत आणला की तोंडी परीक्षेत मुलगी अडकते आणि नोकरीच्या मुलाखतीतही अडकते. त्यापेक्षा तिला आपल्या गटाची वही द्या. बचत, कर्ज, व्याज, थकबाकी, सगळं त्यात आहे. त्यावर तिनं प्रोग्राम लिहिला तर तिला खरा प्रोजेक्ट मिळेल, आपल्याला चोख हिशेब मिळेल. तिला रोज दोन तास बिनकामाचे द्या. त्या वेळात धुणं नाही, भाकरी नाही, धाकट्याचा अभ्यासही नाही.

कागदपत्रांचं एक लक्षात ठेवा. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे नाव तेच आधारवर, तेच कॉलेजात. पदवी हातात यायच्या आत लग्न झालं आणि नाव बदललं, तर पुढं कागद जुळवताना हेलपाटे होतात. आणि शेवटचं गुणपत्रक म्हणजे पदवीचं प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी विद्यापीठाकडं वेगळा अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते. पास झालेल्या कित्येक मुलींनी तो अर्जच केलेला नसतो, आणि मग नोकरीच्या वेळी धावाधाव होते.

आम्ही असं म्हणणार नाही, की पदवी झाली की नोकरी दारात उभी. ती खोटी आशा होईल. या धंद्यातली कामं झपाट्यानं बदलत आहेत आणि पोरीला पुढंही शिकतच राहावं लागेल. पण तीन वर्षं शिकून सहा महिन्यांसाठी सोडलेल्या शिक्षणाला बाहेर कुणी विचारत नाही. तिथं ती फक्त बारावी पास ठरते.

आपलं पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. बारामती-इंदापूरच्या कॉलेजातून पदवीधर होणाऱ्या मुलीच्या कागदावर हेच नाव छापून येतं. नायगावच्या मुलीचं नाव आपल्या गावच्या मुलीच्या नावासोबत.

तर बैठकीतल्या त्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. लग्न उन्हाळ्यात असेल तर ते दिवाळीनंतर धरा. पाहुण्यांना स्पष्ट सांगा, पोरीची परीक्षा होऊ द्या, पदवीचा कागद हातात येऊ द्या. चांगलं घर असेल तर थांबेल. आणि पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या कुणाकुणाची मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे, त्यांची नावं वहीत लिहा. प्रत्येकीला काय अडतंय ते विचारा, पास, लॅपटॉप की घरातला विरोध. पैशाची अडचण गटानं सोडवावी. विरोधाची अडचण असेल तर चौघी-पाचजणी मिळून त्या घरी चहाला जा.

आमच्या गटातल्या मुलीचा लॅपटॉप आला आहे. प्रोजेक्टसाठी तिनं आमचीच वही नेली आहे. पहिल्याच दिवशी तिनं आमच्या बेरजेतल्या दोन चुका काढल्या.