कटुरुचिभेद व बालकांची औषधे

कडू चव ओळखण्याची क्षमता सर्व माणसांत सारखी नसते. हा भेद काही अंशी आनुवंशिक असतो. १९३१ मध्ये अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून फिनिल थायोकार्बामाइडाचे चूर्ण हवेत उडाले. सहकाऱ्याला ते अतिशय कडू लागले, फॉक्स यांना मात्र बेचव वाटले. हे अरुचित्व अप्रभावी लक्षण म्हणून वारशाने येते, असे लवकरच आढळले. पुढे भारतातील मानवशास्त्रज्ञांनीही जनसमूहांच्या तुलनेसाठी ही चाचणी वापरली. नागपूर येथे विभागीय केंद्र असलेली भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण ही त्यांपैकीच एक संस्था होय.

संबंधित जनुक २००३ मध्ये सातव्या गुणसूत्रावर सापडले. एका मातापित्याकडून संवेदनक्षम व दुसऱ्याकडून असंवेदनक्षम जनुकरूप मिळालेल्या मुलांना, त्याच जनुकप्रकाराच्या प्रौढांपेक्षा सौम्य कडवटपणाही जाणवतो, असे २००५ मधील एका अमेरिकन अभ्यासात दिसले. माणसात सुमारे २५ प्रकारचे कटुरुचिग्राही असून क्विनिनाची चव इतर ग्राहींमार्फत कळते. त्यामुळे एका चाचणीवरून प्रत्येक औषधाविषयी अनुमान काढता येत नाही.

पूर्व विदर्भाच्या हिवतापग्रस्त वनप्रदेशात या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. क्लोरोक्वीन फार कडू असते. मुलाने ते थुंकले वा ओकले, तर मात्रा अपुरी पडते. यावर उपाय म्हणून पूर्वी यूक्विनीन हे क्विनिनाचे जवळजवळ बेचव संयुग मुलांना देत. २००९ मध्ये आर्टेमेथर-ल्यूमेफँट्रीन यांची पाण्यात विखुरणारी गोड गोळी प्रचारात आली. मुलाचा नकार हा केवळ हट्ट नसतो. म्हणून चवीचा विचार हा औषधयोजनेचाच भाग ठरतो.