टॉमस कोल : अरण्य आणि कुऱ्हाड

अमेरिकन निसर्गचित्रणाच्या हडसन नदी संप्रदायाचे जनकत्व ज्याला दिले जाते, तो टॉमस कोल जन्माने इंग्रज होता. चरित्रकार ही गोष्ट एका वाक्यात नोंदवून पुढे जातात. माझ्या मते त्याच्या चित्रांचा उलगडा तिथूनच व्हायला हवा.

कोलचा जन्म १८०१ साली लँकेशायरमधील बोल्टनचा. म्हणजे सूतगिरण्या आणि धुराड्यांच्या मुलखातला. कापडावरील छपाईच्या नक्षीचे कोरीवकाम तो कोवळ्या वयातच शिकला. तो अकरा वर्षांचा असताना जवळच्याच वेस्टहॉटन येथील गिरणी यंत्रविरोधी कामगारांनी जाळली. १८१८ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आले. यंत्रयुगाने निसर्गाचे काय होते, हे या मुलाने नव्या देशातील लोकांच्या आधीच पाहिले होते.

१८२५ साली हडसन नदीच्या वरच्या अंगाला केलेल्या प्रवासावरून त्याने चित्रे रंगवली. न्यूयॉर्कमध्ये ती ट्रम्बुल, डनलॅप आणि ड्युरंड या तिघा कलावंतांच्या दृष्टीस पडली, त्यांनी ती विकत घेतली आणि कोलचे नाव झाले. मात्र या आरंभीच्या अरण्यात एक लबाडी आहे. कॅटस्किल पर्वतात तेव्हा प्रवाशांसाठी हॉटेल उभे राहिले होते, काटर्सकिल धबधब्यापाशी सज्जाही होता. १८२६ च्या चित्रात कोलने तो सज्जा पुसला आणि तिथे एकटा आदिवासी उभा केला. ज्यांची भूमी बळकावली जात होती त्यांना असे शोभेपुरते उरवणे आज खटकते, आणि ते खटकायलाच हवे.

१८३६ हे वर्ष मात्र निराळे. साम्राज्याच्या उदयास्ताची पाच चित्रांची मालिका त्याने याच वर्षी पूर्ण केली. पाचही चित्रांत तोच डोंगर अचल आहे, बदलतात ती माणसे. ‘ऑक्सबो’ हे चित्रही याच वर्षीचे. डावीकडे वादळ आणि मोडलेली झाडे, उजवीकडे कनेक्टिकट नदीचे वळण आणि उन्हातली नीटनेटकी शेते. मधोमध, खाली, अगदी लहान आकारात चित्रकार स्वतः बसला आहे आणि वळून आपल्याकडे पाहतो आहे. कोणती बाजू चांगली, हे तो सांगत नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकन निसर्गावरील निबंधात मात्र कुऱ्हाडीबद्दलचा विषाद त्याने उघड मांडला.

तेवढ्यात त्याच्याच गावात, कॅटस्किलला, रेल्वेसाठी झाडे पडू लागली. १८३७ साली पूर्ण केलेल्या एका चित्रात त्याने घराजवळची दरी रेल्वेपूर्वी होती तशी, दाट झाडीसह जपली. १८४३ मध्ये, मृत्यूच्या पाच वर्षे आधी, तीच दरी त्याने पुन्हा रंगवली. या वेळी झाडी विरळ आहे, पुढे बुंधे उरले आहेत, आणि दूरवर एक आगगाडी चालली आहे. इतकी बारीक, की शोधल्याशिवाय ती दिसत नाही.