गुटी, मलमपट्टी आणि टांगतं झाड

पोस्टिंग चेन्नई. सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आमचं क्वार्टर आहे. इथले लोक या टेकडीला परंगीमलई म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर. गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी व्हरांड्यात नारळाएवढा एक हिरवट गोळा टांगला. त्यातून सिंगोनियम डोकावत होतं आणि कुंडीचा कुठे पत्ता नव्हता. वहिनी मूळच्या नागपूरच्या. म्हणाल्या, "सर, याला कोकेदामा म्हणतात. जपानी आहे."

मी म्हटलं, "वहिनी, आमच्या सांगोल्यात याला गुटी म्हणतात."

त्या हसल्या, पण मी थट्टा करत नव्हतो.

आधी जपानचं सांगतो. कोके म्हणजे शेवाळ, तामा म्हणजे गोळा. जोडशब्दात तामाचं दामा होतं. बोन्सायवाल्यांची एक जुनी पद्धत आहे, नेआराई. वर्षानुवर्षं कुंडीत वाढलेल्या झाडाची मुळं एकमेकांत इतकी गुंततात, की कुंडी काढून घेतली तरी गोळा मोडत नाही. मग तो तसाच ताटलीत ठेवायचा. टांगत्या गोळ्याचा जवळचा पूर्वज मात्र दुसरा, त्सुरीशिनोबू. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान, तिथले माळी शेवाळाच्या गोळ्यावर नेच्याची मुळकांडं बांधून तो गोळा आपल्या गिऱ्हाइकांना उन्हाळ्याची भेट म्हणून देत. तो वळचणीला टांगायचा, त्याला वाऱ्यावर किणकिणणारी घंटी लावायची आणि पाणी शिंपडून गार वाटून घ्यायचं. दारात वाळ्याचा ओला पडदा सोडणाऱ्या आपल्या आजोबांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नसती. कोकेदामा या नावाने जगभर झालेली फॅशन मात्र गेल्या काही दशकांतली.

आता गुटी. ज्यांच्या घरी डाळिंब आहे त्यांना हे माहीतच आहे, इतरांसाठी थोडक्यात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडायची. तिच्यावरची इंचभर साल बांगडीसारखी गोल काढायची. तिथे मुळं फुटण्यासाठी संजीवक लावून ओल्या मॉसचा गोळा दाबायचा, वर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसू लागतात. मग फांदी खालून कापली की आईच्या गुणाचं नवं झाड हातात. तोटाही त्यातच आहे. आई तेल्या रोगाची असेल तर लेकरूही तेल्याचंच, आणि बागाच्या बागा अशा रोपांनी बसल्या आहेत. एका फांदीला टांगलेला, मुळांनी भरलेला शेवाळाचा गोळा. फरक एवढाच की आमचा गोळा शोभेसाठी नसतो.

ही कला प्लास्टिकच्या आधीची आहे. १८६०च्या दशकात बंगालमधला एक पाद्री, फर्मिंजर, याने बागकामावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात गुटी हा देशी शब्द तसाच येतो. त्या काळी गोळा चिकणमातीचा असे, वरून तागासारखं काहीतरी गुंडाळलेलं. तो सुकू नये म्हणून वरच्या फांदीला मडकं टांगायचं, बुडाला भोक पाडायचं आणि त्यातून आलेला दोर गोळ्याभोवती वेटाळायचा. थेंब थेंब पाणी दोरावरून खाली येत राहतं. महादेवाच्या पिंडीवर गळती असते ना, अगदी तेच.

मडक्याची जागा प्लास्टिकने घेतली त्यामागे एक फौजी आहे, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर फार बरं वाटलं. अमेरिकेचा कर्नल विल्यम ग्रोव्ह. १८९९ सालच्या फिलिपिन्समधल्या लढाईसाठी त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये उपाशी पोलंडला अन्न पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. म्हातारपणी तो फ्लोरिडात लिची लावत बसला. लिचीची गुटी सारखी सुके. पॉलिथिन तेव्हा नवीन होतं, युद्धात रडारच्या केबलवर वापरलेलं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ग्रोव्हने ओल्या मॉसवर त्याचा कागद गुंडाळला. ओल आत राहिली, रोज पाणी घालायचं काम संपलं. सांगोल्याच्या बागेत आज जे दिसतं त्यात त्या कर्नलचा वाटा आहे.

आता मॉस. मराठीत आपण विहिरीतलं, भिंतीवरचं, खडकावरचं, सगळ्यालाच शेवाळ म्हणतो. नर्सरीवाले ज्याला मॉस म्हणतात ते स्फॅग्नम. थंड, पाणथळ जागी वाढतं. त्याच्या पानांत पुष्कळशा पेशी मेलेल्या, पोकळ आणि भोकं असलेल्या असतात, म्हणून ते आपल्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरतं. शिवाय आम्लधर्मी, त्यामुळे जंतू सहज वाढत नाहीत.

या दोन गुणांपायी हे शेवाळ रणांगणावर गेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कापूस पुरेना. मलमपट्टीला कापूस लागतो आणि स्फोटकांनाही तोच लागतो. एडिंबरोचे सर्जन चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर या दोघांनी स्फॅग्नमच्या पट्ट्यांचा पाठपुरावा केला. स्कॉटलंडच्या माळांवर बायका-मुलं गुडघाभर चिखलात उतरून शेवाळ गोळा करू लागली. ते वाळवायचं, काड्याकचरा निवडायचा, मलमलच्या पिशव्यांत भरायचं. फेब्रुवारी १९१६ मध्ये वॉर ऑफिसने अधिकृत मान्यता दिली आणि १९१८ पर्यंत महिन्याला सुमारे दहा लाख पट्ट्या जाऊ लागल्या.

त्याच फेब्रुवारीत पूना डिव्हिजन कुतच्या वेढ्यात अडकलेली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. त्यांच्यापर्यंत शेवाळ काय, पीठही धड पोचत नव्हतं. २९ एप्रिलला कुत पडलं. गोळा वळताना हातात ओलं मॉस आलं की मला ते आठवतं.

मग चेन्नईत गोळा कशाचा करावा? माझं मत स्पष्ट आहे, मॉसचा नको. उत्तराखंडात असताना पोती भरभरून मॉस खाली जाताना मी पाहिलं आहे. ते झाडांच्या बुंध्यांवरून आणि खडकांवरून खरवडलेलं असतं. एका पावसात परत येणारी ही वस्तू नव्हे, आणि डोंगरातली ओल धरून ठेवण्याचं काम तीच करते. व्हरांड्याच्या शोभेसाठी ते ओरबाडायचं कारण नाही. तसंही इथे ते हिरवं राहतच नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात टवटवीत दिसतं आणि मार्चपर्यंत तपकिरी होतं.

तमिळनाडूत काथ्याला तोटा नाही. पोल्लाचीकडे तर त्याचा मोठा धंदा आहे. माझी कृती अशी. दोन वाट्या लाल चिकट माती, एक वाटी काथ्याचा भुसा, अर्धी वाटी गांडूळखत. भुसा आधी दोन-तीनदा धुवायचा, त्यात मीठ असतं. पाणी घालून लाडवासारखा वळून बघायचा. कमरेएवढ्या उंचीवरून हातात झेलला तरी फुटला नाही तर जमलं. गोळ्याचे दोन भाग करून मुळं मध्ये बसवायची, पुन्हा दाबायचं, वर काथ्याची पातळ चटई गुंडाळायची. बांधायला मी केळीचं सोपट वापरतो. इथल्या फुलवाल्या गजरे त्यानेच बांधतात, कोयंबेडूच्या बाजारात ते मिळतं. पण ते काही महिन्यांत कुजतं, म्हणून टांगायची दोरी नायलॉनचीच हवी. मॉस वापरायचाच हट्ट असेल तर हातमोजे घाला. त्यात एक बुरशी असते, ती कापलेल्या बोटातून आत शिरून गाठी आणते.

झाडं सावलीतली निवडा: मनीप्लांट, सिंगोनियम, नेचा. पाणी वरून ओतायचं नाही. बादलीत गोळा बुडवायचा, बुडबुडे थांबले की काढायचा आणि निथळू द्यायचा. कधी बुडवायचा ते वजन सांगतं. हलका लागला की वेळ झाली. मे महिन्यात रोज, पावसात आठवड्यातून एकदा. बोअरच्या खारट पाण्याने गोळ्यावर पांढरा थर चढतो, तेव्हा एसीचं ठिबकणारं पाणी साठवा. बादलीत उरलेलं पाणी पुढच्या गोळ्याला. २०१९च्या उन्हाळ्यात टँकरमागे धावलेल्या या शहरात कुणी पाणी ओतून देत नाही.

बदलीची ऑर्डर आली की कुंड्या मागे राहतात, हे प्रत्येक फौजी घराला ठाऊक आहे. गोळा मात्र येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी बुडवून निथळवायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग भोकं पाडलेली पिशवी, आणि ट्रंकेत नाही, आपल्यासोबत बर्थवर. दोन दिवस तो सहज काढतो. पोचल्यावर लगेच उन्हात टांगू नका, आठवडाभर खिडकीच्या आत राहू द्या.