भोपाळचा कचरा

परवा मावशीशी फोनवर बोलताना भोपाळचा विषय निघाला. मावशी बुटीबोरीजवळ राहते, म्हणून तिला ते प्रकरण आठवतं. बाकी आम्ही सगळे विसरलो होतो, मीसुद्धा.

भोपाळ म्हटलं की आपल्याला २ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. पण वायू एका रात्रीत गेला, कारखान्यातला कचरा मात्र तिथेच राहिला. कीटकनाशकांचे अवशेष, डांबरासारखा गाळ, रसायनं मिसळलेली माती. त्याआधीही अनेक वर्षं टाकाऊ द्रव कारखान्याबाहेरच्या तळ्यांत सोडलं जात होतं. आसपासच्या वस्त्यांतल्या हापशांचं पाणी दूषित झालं आणि त्यांना शुद्ध पाणी द्या असा आदेश द्यायला सर्वोच्च न्यायालयाला २००४ उजाडलं!

कायदे झाले बरं का. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, धोकादायक कचऱ्याचे नियम १९८९ चे. दोन्हींच्या मागे भोपाळच होतं. आणि त्या नियमांनुसार भोपाळचाच कचरा कुठे न्यायचा हे ठरेना. गुजरातेत अंकलेश्वरला जाळायचं ठरलं, गुजरातने २००७ मध्ये हात वर केले. २०१२ मध्ये जर्मनीला न्यायची बोलणी झाली, तीही फिसकटली.

मधे २०११ मध्ये नागपूरचा नंबर लागला होता. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने बोरखेडीच्या डीआरडीओच्या भट्टीत तो जाळायला सांगितलं. महाराष्ट्र सरकारने विरोध केला, नागपूर खंडपीठातही प्रकरण गेलं आणि कचरा आला नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मावशीने तर शेजारी पेढे वाटले होते. खोटं कशाला सांगू, त्या पेढ्यांपैकी दोन मीही खाल्ले. हापशाचं पाणी पिणारी भोपाळची माणसं तेव्हा एकदाही मनात आली नाहीत.

शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा १२ कंटेनरांत भरून पीथमपूरला नेला, अडीचशे किलोमीटर. तिथले लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी तर अंगावर पेट्रोल ओतून घेतलं. जूनअखेर सगळा जाळून झाला. भट्टीत चुना वगैरे घालावा लागतो, त्यामुळे उरलेल्या अवशेषांचं वजन मूळ कचऱ्याहून जास्त भरलं. आणि कारखान्याखालची माती, ती या ३३७ टनांत धरलेलीच नव्हती.

हे सगळं सांगितल्यावर मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग ती राख कुठे पुरणार रे?"

मी म्हटलं, पीथमपुरातच पुरायचं ठरलं होतं.

"त्यांच्याकडे कोणी पेढे नसतील वाटले," मावशी म्हणाली.