माइलेची रोहिणी
पोटाच्या तळाशीं महारोहिणी दुभंगते आणि तिच्या शाखांस पुन्हां फांटे फुटतात. त्यांतील आंतला फांटा कटिपोकळींत उतरून गर्भाशय, मूत्राशय व नितंब ह्यांस रक्त पुरवितो. इतकी खोल रोहिणी बांधण्याचें साहस डिसेंबर 1812 मध्यें वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटावर विल्यम स्टीव्हन्स नांवाच्या शस्त्रवैद्यानें केलें. रुग्ण होती माइला, आफ्रिकेंतून आणलेली एक गुलाम स्त्री. तिच्या नितंबांतील रोहिणी फुगून गांठ झाली होती. ईथरची गुंगी यावयास अद्याप चौतीस वर्षें होतीं, आणि तिची संमति कोणीं विचारली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ती बरी झाली. तरी बांधली ती रोहिणी तीच कशावरून, ह्या शंकेस जागा होतीच. सुमारें दहा वर्षांनीं ती वारल्यावर तो भाग काढून ठेवण्यांत आला, व लंडनमध्यें रिचर्ड ओवेन ह्यांनीं तपासून 1830 च्या सुमारास निर्वाळा दिला: रोहिणी तीच. शस्त्रवैद्याच्या शब्दास साक्ष माइलेच्या प्रेतानें दिली!

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव अनावर झाल्यास आजही ही रोहिणी बांधतात. रक्त अजीबात थांबत नाहीं, शेजारच्या वाटांनीं येतच राहतें. पण दोन्ही बाजू बांधल्यास ठोक्याचा जोर सुमारें 85 टक्के उतरतो, असें 1968 मध्यें बर्चेल ह्यांनीं दाखविलें. मग गुठळी धरते.