कमोडोरचे वारस

एखादा कारखाना बुडाला म्हणजे त्याची यंत्रसामग्री व नाव लिलावात जाते आणि इतिहासकार तेथे पूर्णविराम देऊन मोकळा होतो. अमेरिकेतील कमोडोर या संगणक-कंपनीने २९ एप्रिल १९९४ रोजी कारभार गुंडाळत असल्याचे जाहीर केले, तेव्हाही असेच झाले. परंतु या प्रकरणात लिलावात न आलेली मालमत्ताच अधिक टिकली. तिचीच हकीकत आम्हांस येथे सांगावयाची आहे.

कमोडोरचा संस्थापक जॅक ट्रॅमिएल हा पोलंडमधील लोद्झ शहरात जन्मलेला ज्यू. ऑश्विट्झच्या छावणीतून तो जिवंत सुटला, अमेरिकेस आला आणि टंकलेखनयंत्रे दुरुस्त करता करता व्यापारी बनला. संगणक ही मूठभरांची मिरास राहू नये, तो सामान्यांच्या घरी जावा, हे त्याचे धोरण. १९८२ साली ५९५ डॉलरांस विक्रीस आलेला 'कमोडोर ६४' हे त्या धोरणाचे फळ होय. त्याची स्मृती अवघी ६४ किलोबाइट. आजच्या खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्रही तीत मावावयाचे नाही! असे असूनही हे यंत्र एक कोटीहून अधिक विकले गेले, आणि युरोपातील असंख्य मुलांचे ते पहिले यंत्र ठरले.

या मुलांची कला जन्मली ती चोरीतून. येथे गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. विकतच्या खेळांना नक्कल होऊ नये म्हणून कुलपे घातलेली असत. ती फोडावयाची आणि खेळ मित्रांत वाटावयाचे, असा उद्योग सुरू झाला. पोवाड्याच्या अखेरीस शाहीर आपले नाव गुंफतो, त्याप्रमाणे कुलूप फोडणारा खेळाच्या आरंभी आपली नाममुद्रा उमटवू लागला. सरकती अक्षरे, थोडे संगीत, इतर टोळ्यांना रामराम आणि प्रतिस्पर्ध्यांना चिमटे. हळूहळू नाममुद्राच कवनाहून मोठी झाली. खेळ गळून पडला, आणि राहिला तो केवळ कौशल्य दाखविण्यासाठी रचलेला चित्रसंगीताचा कार्यक्रम. त्यास 'डेमो' म्हणतात.

या कलेचे मर्म कळावयास दोन उदाहरणे पुरेत. कमोडोरच्या पडद्याभोवती एका रंगाची चौकट असे, आणि तीत चित्र काढता येणार नाही अशी यंत्राची रचना होती. चित्र चोवीस ओळींचे असो की पंचवीस, ते संपताच चित्राची चिप चौकट सुरू करी. कोणाच्या तरी ध्यानी आले की, चोवीस ओळींची वेळ टळल्यावर पण पंचविसावी संपण्याआधी चिपला 'ओळी चोवीसच आहेत' असे सांगितले, तर ती वेळ तिच्या दृष्टीने आधीच गेलेली असते. चौकट सुरू करणे राहूनच जाते. ही फसवणूक सेकंदाला पन्नास वेळा अचूक क्षणी केली म्हणजे वरची व खालची चौकट नाहीशी होते, आणि त्या मोकळ्या पट्ट्यांत छोट्या आकृती नाचविता येतात.

दुसरे उदाहरण आम्हांस अधिक मोलाचे वाटते. बॉब यानेस याने योजिलेल्या 'सिड' या ध्वनिचिपमध्ये स्वर तीनच. मात्र आवाज लहानमोठा करताना तीतून बारीकसा टक् असा ध्वनी निघे. ही खोट होती. ते टक्-टक् सेकंदाला हजारो वेळा काढले, तर त्यातून ढोल वाजतो, मनुष्याचा शब्दसुद्धा उमटतो, हे रसिकांनी शोधले. तीन स्वरांना चौथा मिळाला. पुढे कंपनीने चिप सुधारली. खोट गेली, आणि तिच्याबरोबर चौथा स्वरही जवळजवळ लोपला. तेव्हा या मंडळींनी काय करावे? एक रोधक डाखून खोट परत आणली! तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावणाऱ्यास यात नवल वाटणार नाही.

कमोडोरचाच पुढचा संगणक अमिगा. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्याचे अनावरण झाले, त्या वेळी अँडी वॉरहॉलने गायिका डेबी हॅरी हिचे चित्र त्यावर रंगवून दाखविले. त्याने अमिगावर काढलेली इतर चित्रे पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात चकत्यांवर पडून होती. संग्रहालयाने चकत्या जपल्या. पण त्या वाचणार कोण? २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक-मंडळातील हौशी मंडळींनी जुन्या चकत्यांतील अपरिचित मांडणी उलगडली, तेव्हा कोठे ती चित्रे प्रकाशात आली. वस्तू जपणे व विद्या जपणे यांतील अंतर येथे स्वच्छ दिसते.

या मंडळींवर 'गतकाळात रमणारे' असा आरोप होतो. बालपणाचा ओढा त्यांत आहे, हे कोण नाकारील? परंतु निव्वळ स्मरणरंजन करणारा जुन्या वस्तूकडून जुनाच आनंद मागतो. हे लोक चाळीस वर्षांच्या यंत्राकडून त्याने कधी न केलेले काम मागतात. फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली या डेमोकलेस आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान दिले. कुलपे फोडणाऱ्या पोरांच्या परंपरेस सरकारी शिक्का मिळावा, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

कमोडोर हे नाव मात्र दारोदार फिरत राहिले. १९९५ साली ते जर्मनीच्या एस्कॉमकडे, १९९७ साली हॉलंडच्या ट्यूलिपकडे गेले. अखेर २०२५ साली एका चाहत्याने पुढाकार घेऊन ते विकत घेतले आणि जुन्याच घाटाचा नवा ६४ जाहीर केला. त्यात जुन्या सिड चिपा बसविण्यासाठी खोबणी ठेवली आहे. जवळ जपलेली चिप ज्याने त्याने आपली आणून लावावी.