जावरचे जस्त

उदयपूरजवळील जावर येथे मध्ययुगात जस्त मोठ्या प्रमाणावर तयार होई. हा धातू ९०७ अंश सेल्सिअसला उकळतो. मात्र त्याच्या भाजलेल्या खनिजाचे कोळशाने क्षपण, म्हणजे त्यातील ऑक्सिजन काढून घेणे, त्याहून अधिक तापमानाला होत असल्याने धातू वायुरूपातच जन्मतो आणि हवा लागताच जळून जातो. म्हणून कारागीर वांग्याच्या आकाराच्या ३६ मातीच्या मुशी एका भट्टीत उलट्या बसवत. मुशीच्या नळीत खोवलेली काडी जळून गेली की तिथून वाफ खालच्या थंड कक्षात उतरे व द्रवरूप होई. पदार्थाच्या अवस्थांवरील हे प्रभुत्व विलक्षणच म्हणावे लागेल, कारण ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने अशाच अधोमुखी ऊर्ध्वपातनाचे पेटंट त्यानंतर बऱ्याच काळाने, थेट १७३८ मध्ये घेतले.